आरोपीचा वकील कोठे आहे?

मराठी माणसाला न्यायालयाचे नाट्य फार प्रिय आहे. फेऱ्यात सापडलेला साक्षीदार, मेजावर मूठ आपटणारा सरकारी वकील, चष्म्यावरून पाहणारे न्यायाधीश आणि पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी, हे चित्र आमच्या रंगभूमीने इतक्या वेळा रंगविले आहे की, ज्याने आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यालाही ते पाठ असते. परंतु हे चित्र जरा निरखून पाहिले तर त्यात एक जागा बहुधा रिकामी आढळते, किंवा भलत्याच कोणी बळकावलेली दिसते. ती जागा आरोपीच्या वकिलाची होय. आमच्या नाटककारांनी आरोपीला बोलके केले, न्यायाधीशाला ढोंगी ठरविले, साक्षीदारांची फजिती केली. पण आरोपीच्या बाजूने उभा राहून, त्याच्यावरील आरोप शब्दाशब्दाने तपासणारा मनुष्य त्यांनी क्वचितच निर्माण केला. असे का झाले असावे, आणि त्यामुळे आमच्या वाङ्मयाचे व समाजबुद्धीचे काही नुकसान झाले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार जयपुरात बसून करण्यास कारण आहे. या शहराने गेल्या काही वर्षांत बचावाच्या हक्काचा प्रश्न फार जवळून व फार कठोर स्वरूपात पाहिला आहे. शिवाय आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण शासनाच्या निरनिराळ्या खात्यांत नोकरीनिमित्त घरापासून दूर आलेले. अहवाल लिहिणे, जबाब नोंदविणे, चौकशी करणे आणि प्रसंगी चौकशीला तोंड देणे, हे त्यांच्या व्यवसायाचेच भाग आहेत. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटू नये.

मराठी मनातील आरोपीची पहिली थोर प्रतिमा कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल : १९०८ सालचे लोकमान्य टिळक. त्यांच्या जामिनासाठी बॅ. जिना यांनी अर्ज केला आणि न्या. दावर यांनी तो फेटाळला, हे सर्वश्रुत आहे. पुढे खटला उभा राहिला तेव्हा टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक काळ चालले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या खटल्याचे राजकीय महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. आम्हांला येथे त्याच्या वाङ्मयीन बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. खटला होता तो मराठी लेखांवर, आणि ज्यूरीपुढे होती ती त्या लेखांची इंग्रजी भाषांतरे. टिळकांच्या बचावाचा मोठा भाग या भाषांतरांच्या चिकित्सेने व्यापलेला होता. मूळ शब्दाची छटा कोणती, ती भाषांतरात कशी भडक झाली, वाक्य कोणाच्या उत्तरादाखल लिहिले होते, संदर्भ तोडल्याने अर्थ कसा फिरला, हे सारे त्यांनी भाषांतरकाराच्या उलटतपासणीतून आणि आपल्या भाषणातून मांडले. हे काम एरव्ही टीकाकाराचे असते. मराठी गद्याचे इतके सूक्ष्म परीक्षण त्या काळी एखाद्या साहित्यसभेत झाले असेल की नाही, याची आम्हांस शंका वाटते. ते झाले आरोपीच्या पिंजऱ्यात.

परंतु या थोर उदाहरणाने आमच्या कल्पनाशक्तीला एक सवय लावली. आरोपी म्हणजे स्वतःच स्वतःचा वकील. तो बोलेल आणि त्याच्या बोलण्याने सत्य प्रकट होईल, अशी ही सवय. टिळकांजवळ कायद्याचे शिक्षण होते, विद्वत्ता होती, निश्चय होता. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही अशा आरोपीचे काय, हा प्रश्न त्या तेजाने दिपलेल्या डोळ्यांना दिसलाच नाही.

आता रंगभूमीकडे वळू. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला, ही गोष्ट परप्रांतस्थ मराठी रसिकांना अभिमानाची वाटत आली आहे. एका गाजलेल्या खटल्याच्या आधारे रचलेले हे नाटक सबंध न्यायालयात घडते. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे पिंजऱ्यात उभा आहे. निरनिराळी नावे व वेष धारण करून त्याने अनेक स्त्रियांना फसविले असा आरोप आहे. एकेक साक्षीदार येतो आणि फिरत्या रंगमंचावर त्याची कहाणी डोळ्यांसमोर उभी राहते. प्रभाकर पणशीकरांनी या भूमिका अशा काही वठविल्या की, पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक त्या विसरलेले नाहीत.

या नाटकातही आरोपी आपला बचाव स्वतःच करतो. त्याची उलटतपासणी चतुर आहे, आणि प्रेक्षक त्या चातुर्याला टाळ्या देतात. पण या टाळ्यांमागील व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. साक्षीदार सांगतो ते प्रेक्षकाला प्रत्यक्ष दाखविले जाते. म्हणजे साक्ष ही साक्ष राहत नाही, ती घटनाच होते. लखोबा दोषी आहे हे प्रेक्षकाला प्रथमपासून ठाऊक आहे. तेव्हा बचाव हा येथे सत्य शोधण्याचा मार्ग नसून सत्य लपविण्याची कला ठरतो, आणि ‘मी तो नव्हे’ असे म्हणणे हीच लबाडीची खूण होऊन बसते. आमच्या बोलीत या नाटकाचे नावच म्हण होऊन गेले. आज कोणी आरोप नाकारला की लोक हसून ते नाव उच्चारतात. नाटक म्हणून त्याची थोरवी आम्हांला निर्विवाद मान्य आहे. अत्रे यांना फसवणुकीचे चित्र रेखाटावयाचे होते, न्यायपद्धतीचे नव्हे, आणि ते त्यांनी उत्कृष्ट रेखाटले. पण नाकारणारा आरोपी बहुधा खोटारडाच, हा समज त्याने नकळत पक्का केला, हेही नमूद केले पाहिजे. कायदा याच्या नेमके उलट सांगतो. आरोप शाबीत करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर असते, आणि संविधानाच्या २०व्या अनुच्छेदाप्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ‘तो मी नव्हे’ एवढेच म्हणून गप्प बसण्याचा त्याला हक्क आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९६७ साली, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे या गोष्टी नाट्येतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. या नाटकाची चर्चा आजवर बहुतांशी स्त्रीच्या छळाच्या, मध्यमवर्गाच्या दांभिकतेच्या आणि समूहाच्या क्रौर्याच्या अंगाने झाली. ती योग्यच आहे. पण त्यातील एका कायदेविषयक तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते. ही मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आलेली आहेत. त्यांच्या नेहमीच्या वाटणीत आरोपीच्या वकिलाची भूमिका प्राध्यापक दामले यांच्याकडे असते, आणि त्या दिवशी दामले आलेले नाहीत. मग सुखात्मे सांगतात की, सरकारी वकिलाबरोबर आरोपीच्या वकिलाचे कामही आपणच उरकू. ही सोय सर्वांना पटते. कोणालाही त्यात काही वावगे दिसत नाही.

पुढे जे घडते ते या एका सोयीतून घडते. खेळ म्हणून बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि पाहता पाहता खेळाचे खरे होते. ज्याच्यामुळे ती संकटात सापडली तोच हा अनुपस्थित दामले. म्हणजे जो तिच्या बाजूने उभा राहावयाचा, न्यायालयातही आणि जीवनातही, त्याचीच जागा रिकामी आहे. तेंडुलकरांनी हे दोन अर्थ एकाच रिकाम्या जागेत ठेवले, ही त्यांच्या रचनेतील सर्वांत भेदक गोष्ट आहे. सुखात्मे बचावाचे भाषण करण्यास आरोपीच्या वकिलाच्या जागी जाऊन बसतात, चेहरा दुःखी करतात, आणि गुन्हा गंभीर आहे हे मान्य करून दयेची याचना करतात. एकही साक्षीदार त्यांनी तपासलेला नसतो. सामंतांची साक्ष तर त्यांच्या हातातील एका सवंग कादंबरीतून उचललेली आहे. ती जशीच्या तशी पुरावा म्हणून स्वीकारली जाते. न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्ष देतात आणि पुन्हा न्यायासनावर जाऊन बसतात. कोणत्याही नवशिक्या वकिलाने या तिन्ही गोष्टींवर हरकत घेतली असती आणि सारा डोलारा तेथेच कोसळला असता. हरकत घेणारा कोणी नाही, एवढेच या कोर्टाचे सामर्थ्य आहे. अखेर निकाल असा की, गर्भातील मूल नष्ट करावे. म्हणजे ज्या कृत्याचा आरोप ठेवला तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्माविले जाते. ही विसंगतीही कोणी दाखवून देत नाही.

मग बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत. तिला बोलावयास दहा सेकंद दिलेली असतात. ती बोलते, आणि इतर पात्रे निश्चल असतात. प्रेक्षक ऐकतो, न्यायालय ऐकत नाही. या स्वगताची थोरवी कोणी नाकारणार नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, येथे तेंडुलकरांनीदेखील बचावाचे काम अखेर आरोपीच्याच माथी टाकले. मराठी नाटकाला स्वगत सापडले, उलटतपासणी सापडली नाही. स्वगताने मनुष्याचे अंतःकरण उघडे होते आणि आपण द्रवतो. पण खोटी साक्ष स्वगताने खोटी पडत नाही. त्यासाठी समोरच्याच्या शब्दाला शब्द लावून विचारणारा दुसरा मनुष्य लागतो.

नाटकात जे दिसले त्याचेच प्रत्यंतर पुढील वर्षांत न्यायालयांच्या निर्णयांत मिळते. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क प्रथमपासून दिलेला होता. पण पसंती करण्यास पैसा लागतो. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीस शासनाच्या खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. १९७६च्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला. १९७८ साली हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात आरोपीचे स्वतःचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निर्णयात कैद्यास निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे असे तत्त्व घालून दिले. दुसऱ्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणाने बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेले कच्चे कैदी देशापुढे आणले. १९८६ साली सुखदास प्रकरणात आणखी एक पाऊल पडले : आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याला तो नाकारता येणार नाही. ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा, हा त्यामागील साधा विचार. १९८७ चा विधि-सेवा प्राधिकरणांचा कायदा १९९५ साली अंमलात आला. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असून तिच्या ३४१व्या कलमात शासकीय खर्चाने वकील देण्याची तरतूद केवळ सत्र न्यायालयापुरती मर्यादित राहिलेली नाही.

कागदावर ही प्रगती मोठी आहे. ती प्रत्यक्षात कितपत उतरली, याचे कलात्मक उत्तर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४च्या चित्रपटात मिळते. व्हेनिसच्या महोत्सवात गौरव आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नाटकाच्या चर्चेत चित्रपट घेतल्याबद्दल काही वाचक भुवया उंचावतील. परंतु आमच्या प्रश्नाचा धागा पुढे नेणारी कृती रंगभूमीवर न सापडता पडद्यावर सापडली, त्याला आमचा इलाज नाही.

नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. आणि येथे प्रथमच आरोपीचा वकील खरोखर उपस्थित आहे. विनय व्होरा हा सुखवस्तू घरातील, सुशिक्षित, सज्जन गुजराती तरुण. तो आपले काम मनापासून करतो. पोलिसांचा पंच हा ठरावीक साक्षीदार असून इतर खटल्यांतही हजर झालेला आहे, हे तो उघड करतो. मृताच्या पत्नीच्या साक्षीतून हळूहळू कळते की, तो मनुष्य कोणत्याही संरक्षक साधनावाचून गटारात उतरत असे, विषारी वायूने त्याचा एक डोळा गेलेला होता, आणि दुर्गंधी सोसावी म्हणून तो मद्य घेत असे. आत्महत्येचा पुरावा विरत जातो आणि त्या जागी एक निराळाच अपराध दिसू लागतो, ज्याबद्दल कोणावरही खटला भरलेला नाही. उलटतपासणी म्हणजे काय, हे मराठी कलाकृतीत इतक्या निखळपणे पूर्वी आले नव्हते.

तरीही व्होरा हरतो, किंवा जिंकूनही हरतो. जामिनाची एक लाखाची रक्कम तोच भरतो. आणि कांबळे सुटतो न सुटतो तोच निराळ्या, अधिक कडक कायद्याखाली त्याला पुन्हा अटक होते, व न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. एका संप्रदायाविषयीच्या बंदी असलेल्या पुस्तकाचा न्यायालयात उल्लेख केला म्हणून त्या संप्रदायाचे लोक भर रस्त्यात व्होराच्या तोंडाला काळे फासतात. वकिलाने आपल्या अशिलाच्या कामासाठी उच्चारलेला शब्द हा त्याचा स्वतःचा अपराध मानला जावा, हा प्रसंग काल्पनिक असला तरी तो ज्या वृत्तीतून उद्भवतो ती वृत्ती काल्पनिक नाही. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर तेथील वकिलांच्या एका संघटनेने आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. २०१० साली मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व ठराव बेकायदेशीर व निरर्थक ठरविले. मुंबईच्या त्याच खटल्यात २०१२ साली निर्णय देताना, आरोपीस प्रथम दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतानाच वकिलाची उपलब्धता त्याला सांगितली पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. देशाने ज्याचा सर्वाधिक द्वेष केला त्याच्या खटल्यातून सर्वांना उपयोगी पडणारा नियम निघाला.

‘कोर्ट’ चित्रपटात भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो आम्हां परप्रांतस्थांना विशेष लागतो. व्होराला मराठी नीट येत नाही. तो हिंदीत अथवा इंग्रजीत कामकाज चालावे अशी विनंती करतो. कांबळे मराठीत गातो आणि त्याच्या गाण्याचा अर्थ परकीय शब्दांत ठरतो. १९०८ साली जे घडले त्याचेच हे दूरचे प्रतिबिंब आहे. येथे जयपुरात न्यायालयाची भाषा हिंदी आहे. उच्च न्यायालयातही हिंदीस मुभा आहे. आमच्यापैकी कोणी, अथवा आमच्या गावाकडून कामधंद्यासाठी आलेला एखादा कारागीर, येथे आरोपी म्हणून उभा राहिला तर त्याचा जबाब कोणत्या शब्दांत लिहिला जाईल, आणि त्या शब्दांवर हरकत कोण घेईल? कायद्याने दुभाष्याची सोय केलेली आहे. पण दुभाष्या अर्थ सांगतो. अर्थासाठी भांडणारा तो वकील.

आता जयपूरच्या प्रकरणाकडे येऊ. १३ मे २००८ रोजी संध्याकाळी जुन्या शहरात, जोहरी बाजार, त्रिपोलिया, चांदपोल, सांगानेरी गेट या गजबजलेल्या भागांत एकामागून एक स्फोट झाले. ७१ माणसे मेली, १८०हून अधिक जखमी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा दिली आणि एकाला निर्दोष सोडले. २९ मार्च २०२३ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाने त्या चौघांचीही निर्दोष मुक्तता केली, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश पोलीस महासंचालकांस दिला. राज्य शासन व मृतांचे नातेवाईक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान, चांदपोल भागात न फुटता सापडलेल्या बाँबच्या निराळ्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये येथील विशेष न्यायालयाने चार जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली.

आरोपी खरोखर कोण होते, याविषयी मत देण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. आम्ही उच्च न्यायालयाच्या त्या निकालाकडे केवळ एक वाचन म्हणून पाहतो. ओळखपरेड किती विलंबाने झाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्यास कायद्याने लागणारे प्रमाणपत्र होते काय, सायकलखरेदीच्या पावत्या आणि जप्त झालेल्या सायकली यांचा मेळ बसतो काय, असे ते वाचन चालते. यात भावनेचा उमाळा नाही. कागद कागदाशी ताडून पाहिला आहे. आणि हे प्रश्न न्यायाधीशांना आकाशातून सुचत नाहीत. आरोपीच्या वतीने कोणीतरी ते रात्री बसून शोधून काढलेले असतात. असा कोणी नसता तर चार माणसे फासावर गेली असती आणि पावत्यांवरचे आकडे कोणी वाचलेही नसते.

यावर एक सच्चा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ज्यांची माणसे त्या संध्याकाळी बाजारात मेली त्यांनी काय करावे? पंधरा वर्षांनंतर त्यांच्या हाती काय पडले? तांत्रिक त्रुटींवर आरोपी सुटतात आणि वकिलांची वाहवा होते, असे त्यांनी म्हटले तर त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? आमचे उत्तर नम्र पण स्पष्ट आहे. मृतांचा अपमान बचावाच्या वकिलाने केलेला नसतो. ज्याने पुरावा नीट गोळा केला नाही त्याने तो केलेला असतो. तपास कच्चा राहिला आणि बचावही दुबळा राहिला, तर खटल्याचा शेवट शिक्षेत होईल, परंतु खरा अपराधी कोण हे कधीच कळणार नाही. मृतांच्या नातेवाइकांना शिक्षा हवी असते ती अपराध्याला, कोणत्याही माणसाला नव्हे. म्हणून कसून केलेला बचाव हा अखेर त्यांच्याही उपयोगाचा असतो, जरी तो त्या क्षणी जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटला तरी.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना हा विषय आणखी एका वाटेने परिचित आहे. खात्यांतर्गत चौकशी कोणाला ठाऊक नाही? १९६५च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांतील १४व्या नियमाप्रमाणे आरोपित कर्मचाऱ्यास दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याचे साहाय्य बचावासाठी घेता येते; वकील मात्र एरव्ही घेता येत नाही, सादरकर्ता अधिकारी स्वतः विधिज्ञ असेल अथवा शिस्त-अधिकाऱ्याने परवानगी दिली तरच. म्हणजे कायद्याने कचेरीतील सहकाऱ्यालाच व्होराच्या जागी उभे केले आहे. आता प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे : अडचणीत आलेल्या सहकाऱ्याने ‘माझे बचाव-साहाय्यक व्हाल काय?’ असे विचारले असता आपल्या कचेरीत किती जण तयार होतात? निरुपाय म्हणून नव्हे, तर ‘वरिष्ठांना काय वाटेल’ म्हणून किती जण दामल्यांप्रमाणे त्या दिवशी गैरहजर राहतात? आणि जे उभे राहतात त्यांपैकी किती जण सुखात्म्यांप्रमाणे प्रथमच दोष कबूल करून दयेचा अर्ज लिहून देतात? नाटक पाहताना ज्यांना आपण हसलो ते आपल्याच मेजाशेजारी बसलेले असतात.

याची दुसरी बाजूही आहे. आमचे वाचक केवळ आरोपित नसतात. बहुधा ते आरोपपत्र लिहिणारे असतात. पंचनाम्यात ‘समक्ष’ हा शब्द पंच समक्ष नसताना लिहिणे, जबाब आपल्याच भाषेत सुधारून घेणे, अभियोगाला मंजुरी देताना फाईल न वाचता सही करणे, ही लेखनातील पातके आहेत, आणि त्यांची परीक्षा एखाद्या दिवशी उलटतपासणीत होते. ज्याला उलटतपासणीचे भय व आदर दोन्ही आहेत तो अधिकारी अधिक खरे लिहितो. जेथे बचाव दुबळा तेथे शासनाचे गद्यही सैल होते.

आमच्या लेखकांकडून आम्ही काय अपेक्षावे? बचावाचा वकील नायक व्हावा, असा आमचा आग्रह नाही. आम्हांला हवी आहे ती त्याच्या कामाची दखल : वकीलपत्र घेतल्यावर घरी होणारे वाद, तुरुंगाच्या जाळीपलीकडचा अविश्वासू अशील, विधि-साहाय्यातून मिळणारे तुटपुंजे मानधन, तहकुबीत गेलेली वर्षे, आणि मध्येच सापडलेली ती एक तारीख जी जुळत नाही. टिळकांनी मराठी शब्दांसाठी जे भांडण न्यायालयात केले त्याची परंपरा आमच्या वाङ्मयात फार क्षीण राहिली. ‘तो मी नव्हेच’ने आम्हांला हसविले, ‘शांतता!’ने आम्हांला खजील केले, ‘कोर्ट’ने आम्हांला अस्वस्थ केले. या तिन्ही कृती ज्यांनी पूर्वी पाहिल्या असतील त्यांनी त्या आरोपीच्या वकिलाच्या रिकाम्या खुर्चीकडे दृष्टी ठेवून पुन्हा एकवार पाहाव्या वा वाचाव्या, अशी आमची सूचना आहे. हिवाळ्यात मंडळाच्या वतीने नाटक बसविण्याचा विचार होत असतो. त्यासाठी ‘शांतता!’ निवडले गेले तर दामल्यांची ती खुर्ची अखेरपर्यंत प्रकाशात ठेवण्यास दिग्दर्शकाने विसरू नये.